आर्केड कॅबिनेटसाठी ॲक्रिलिक शीट: कापणं, भोकं पाडणं आणि कडा चमकवणं

घरी आर्केड कॅबिनेट, म्हणजे उभं राहून खेळायच्या व्हिडिओ गेमचं कपाट, बांधणारा माणूस प्लायवूडवर महिनाभर खपतो, वायरिंगवर दोन-तीन रविवार घालवतो आणि ॲक्रिलिकचं काम मात्र एका संध्याकाळी उरकायला जातो. मीही तेच केलं होतं. कंट्रोल पॅनेलवरच्या बारा बटणांपैकी अकरा भोकं सुरेख पडली. बाराव्याला रात्री साडेदहाच्या सुमारास ‘टक्’ असा बारीक आवाज आला आणि भोकापासून थेट कडेपर्यंत तडा गेला. लाकडात अशी चूक झाली तर पुट्टी भरता येते, वर रंग मारता येतो. ॲक्रिलिकमध्ये तडा गेला की शीट बदलणं एवढाच उपाय.

नंतर बऱ्याच शीटा वाया घालवून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. हे प्लॅस्टिक दोनच गोष्टींनी बिघडतं: एका जागी साठलेली उष्णता आणि एका बिंदूवर आलेला ताण. खाली जे काही सांगितलंय, हळू फिरवा, कोपरे गोल ठेवा, भोक थोडं मोठं पाडा, स्पिरिट लावू नका, ते सगळं या दोन गोष्टींतूनच येतं. हे लक्षात राहिलं तर बाकीचे नियम पाठ करायची गरज नाही.

शीट कुठे लागते आणि कोणती घ्यायची

कॅबिनेटमध्ये ॲक्रिलिक साधारण तीन जागी बसतं. वरची उजळणारी पाटी म्हणजे मार्की, मॉनिटरच्या पुढची चौकट म्हणजे बेझल आणि कंट्रोल पॅनेलवरचं पारदर्शक आवरण. तिन्हींसाठी ३ मिमी जाडी पुरते. पॅनेलवर २ मिमी लावणारेही आहेत, कारण आधार लाकडाचाच असतो. पण पातळ शीट भोकांच्या आसपास उचलली जाते असा माझा अनुभव आहे. ५ मिमी मजबूत वाटते खरी, पण ती जॉयस्टिकच्या दांड्याची उंची खाते. त्याबद्दल पुढे येईलच.

ॲक्रिलिक म्हणजे पीएमएमए (पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट) हे प्लॅस्टिक. १९३३ साली जर्मनीत ओटो रोम यांच्या कंपनीने ते ‘प्लेक्सिग्लास’ नावाने बाजारात आणलं. शीट दोन पद्धतींनी बनते. साच्यात ओतून केलेली ती कास्ट आणि यंत्रातून दाबून लांबवलेली ती एक्स्ट्रुडेड. एक्स्ट्रुडेड स्वस्त पडते, तिची जाडीही एकसारखी असते. पण कापताना ती लवकर मऊ होऊन बिटाला, म्हणजे यंत्राच्या फिरत्या कापणाऱ्या टोकाला, चिकटते आणि तिच्यात आतला ताण जास्त असतो. कास्ट शीट कापताना कोरडे, सुटे तुकडे उडतात, कड लवकर चमकते आणि रसायनांपुढेही ती जरा जास्त टिकते. तिची जाडी मात्र जागोजागी थोडी कमी-जास्त भरते, म्हणून खाच करायची असेल तर आधी व्हर्नियरने मोजून घ्या. राऊटर (फिरत्या बिटाने कड कापणारं हातातलं यंत्र) किंवा लेझर वापरणार असाल तर कास्टच घ्या. कागदाचं आवरण असेल तर कास्ट आणि प्लॅस्टिकचं असेल तर एक्स्ट्रुडेड, असा एक समज आहे. त्यावर विसंबू नका, विकणाऱ्याला सरळ विचारा.

पॉलिकार्बोनेट हे दुसरं पारदर्शक प्लॅस्टिक घ्यावं का, हा प्रश्न हमखास येतो. ते तडकत नाही, भोक निष्काळजीपणे पाडलं तरी चालतं. पण त्यावर ओरखडे फार पटकन पडतात, कड ॲक्रिलिकसारखी चमकत नाही आणि लेझरवर ते काळपट-पिवळं पडतं. मनगटं आणि अंगठ्या रोज घासणार असतील तर मला ॲक्रिलिकच बरं वाटतं. हातातला तुकडा कशाचा आहे हे कळत नसेल तर एक पट्टी वाकवून बघा. पॉलिकार्बोनेट मुकाट वाकतं, ॲक्रिलिक मोडतं. (डोळ्यांवर चष्मा लावूनच हा प्रयोग करा.)

आधी लाकूड, मग ॲक्रिलिक

हा क्रम उलटा केला तर पुढची सगळी कामं अवघड होतात. लाकडी पॅनेल आधी पूर्ण करा: बाहेरचा आकार, बटणांची भोकं, जॉयस्टिकची खाच, सगळं. बटणं लावून, हात ठेवून, चार गेम खेळून बघा. मनगट अवघडतंय, दोन जॉयस्टिक फार जवळ आल्यात, हे लाकडात कळलं तर नुकसान एका फळीचं. मांडणी पटली की तेच लाकूड ॲक्रिलिकसाठी साचा म्हणून वापरायचं.

याच टप्प्यावर जाडीचा हिशेब करून टाका. १८ मिमी प्लाय आणि त्यावर ३ मिमी ॲक्रिलिक म्हणजे २१ मिमी. नुसती दाबून बसवायची, बाजूच्या खटक्यांनी अडकणारी बटणं पातळ पत्र्यासाठी असतात. २१ मिमीत ती धरणार नाहीत. चाकी-नट असलेली, लांब आट्यांची बटणं घ्या किंवा लाकूड खालून कोरून पातळ करा. जॉयस्टिकचंही तसंच. ती खालून लावली तर वर येणारा दांडा पॅनेलच्या जाडीएवढा आखूड होतो. म्हणून लाकडाला खालून खाच पाडून जॉयस्टिक वर घ्यावी लागते आणि ॲक्रिलिकचे ३ मिमी त्या हिशेबात आधीच धरावे लागतात.

जॉयस्टिकचे बोल्ट हा माझ्या मते सगळ्यात जास्त शीटा मोडणारा भाग. घुमटी डोक्याचे, मानेला चौकोन असलेले बोल्ट वरून ठोकायची जुनी पद्धत लाकडाला ठीक आहे. पण तो चौकोन ॲक्रिलिकच्या गोल भोकात शिरला की पाचरीसारखं काम करतो आणि चारही कोपऱ्यांतून तडे निघतात. त्यापेक्षा बोल्ट फक्त लाकडातून घ्या. डोकी लाकडात खोल बसवून पृष्ठभाग सपाट करा आणि ॲक्रिलिक त्यांच्यावरून सलग जाऊ द्या. मग आवरण धरून ठेवायचं काम बटणांचे नटच करतात. बोल्टची डोकी दिसत नाहीत, पॅनेल देखणं होतं ते वेगळंच.

मापं आणि खुणा

शीटवरचं संरक्षक आवरण शेवटपर्यंत काढायचं नाही, खुणा त्यावरच करायच्या. आवरणाचा कागद असेल तर पेन्सिल चालते, प्लॅस्टिक असेल तर बारीक टोकाचा मार्कर. बाहेरून २ ते ३ मिमी जादा माप ठेवा, ते नंतर राऊटरने काढायचं आहे.

बटणांची मापं ऐकीव आकड्यांवर ठरवू नका, प्रत्यक्ष बटण व्हर्नियरने मोजा. जपानी धाटणीच्या मोठ्या बटणांना ३० मिमी भोक लागतं, छोट्यांना (स्टार्ट, सिलेक्ट) २४ मिमी. अमेरिकी धाटणीच्या बटणांचं भोक सव्वा इंचाहून थोडं लहान, म्हणजे १⅛ इंच असतं. ते सुमारे २८.६ मिमी भरतं. हा दीड मिमीचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण ३० मिमीच्या भोकात अमेरिकी बटण खडखडतं आणि उलट केलंत तर बटण शिरतच नाही.

सरळ रेषा: खरवडून मोडणं

मार्कीसारखी चौकोनी पाटी हवी असेल तर यंत्राची गरज नाही. ॲक्रिलिक कापायची आकड्यासारखी सुरी मिळते. ती नसेल तर साधी कटर सुरी उलटी धरून पात्याच्या पाठीच्या टोकाने खरवडता येतं. धातूची पट्टी क्लॅम्पने घट्ट धरा आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकाच दिशेने सुरी ओढा. पहिले दोन-तीन फेरे अगदी हलके, कारण त्यांच्यातच खाच ठरते. तेव्हा जोर लावला तर सुरी घसरते आणि शीटच्या मधोमध चांदणीसारखा ओरखडा राहतो. नंतर जोर वाढवत न्या. ३ मिमीला आठ-दहा फेरे लागतात. खाच जाडीच्या निदान तिसऱ्या हिश्शाइतकी खोल गेली पाहिजे आणि ती दोन्ही टोकांना कडेपर्यंत पोचली पाहिजे. टोकाशी खाच उथळ राहिली तर तडा तिथेच वाट सोडतो.

आता खाच वरच्या बाजूला ठेवून शीट टेबलाच्या कडेशी जुळवा. आतल्या भागावर फळी ठेवून दाबा आणि बाहेरचा भाग एका दमात खाली मोडा. चाचरत मोडलं तर कड वाकडी होते. कापायची पट्टी जितकी अरुंद तितकी ती मोडायला अवघड. चार सेंटिमीटरच्या आतली असेल तर मी करवतच घेतो. ६ मिमीच्या वरच्या जाडीलाही ही पद्धत सोडून द्या.

जिगसॉ

वळणदार बाहेरच्या आकारासाठी जिगसॉ, म्हणजे पातळ ब्लेड वर-खाली चालवणारी विजेची करवत, चालतो, पण फक्त जादा माप ठेवून खडबडीत कापण्यापुरता. त्याने थेट अंतिम रेषेवर कापायचा मोह टाळा. बारीक दातांचं, प्लॅस्टिकसाठीचं ब्लेड घ्या. इंचाला १०-१४ दात असलेलं ठीक. पुढे-मागे झुलणारी चाल शून्यावर ठेवा, नाहीतर ब्लेड वर येताना शीट उचलून आपटतं आणि कपच्या उडतात. शीटला खालून पूर्ण आधार द्या, कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना. अधांतरी लोंबणारा भाग थरथरला की तडा गेलाच म्हणून समजा.

वेग मध्यम असावा. वेग जास्त ठेवला तर ब्लेडच्या मागे वितळलेलं ॲक्रिलिक पुन्हा चिकटून जातं. आपण पुढे कापत असतो आणि मागची फट गुपचूप सांधली जात असते. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी हसलो होतो. ब्लेड अडकून शीट हातातून हिसकली तेव्हा हसू थांबलं. लांबट दोऱ्यासारखा चिकट चुरा येत असेल तर उष्णता जास्त आहे, कोरडे पांढरे कण उडत असतील तर वेग बरोबर आहे. हीच खूण राऊटर आणि ड्रिललाही लागू पडते. थांबायचं असेल तर आधी मशीन बंद करा. ब्लेड एका जागी चालू ठेवून आपण थांबलो की तिथे डबकं तयार होतं.

टेबल सॉ (टेबलात बसवलेली गोल करवत) असेल तर लांब सरळ कापांसाठी तो उत्तमच. प्लॅस्टिकसाठीचं, कार्बाइड दातांचं, १० इंचाला ६० ते ८० दात असलेलं ब्लेड लावा आणि ते शीटच्या थोडंसंच वर ठेवा.

राऊटर: लाकडाची नक्कल ॲक्रिलिकमध्ये

घरच्या घरी कारखान्यासारखं काम याच टप्प्यावर होतं. लागतं फक्त टोकाला बेअरिंग असलेलं फ्लश-ट्रिम बिट, कार्बाइडचं आणि नवं किंवा नव्यासारखं. प्लायवूडवर वर्षभर झिजलेलं बिट इथे वापरू नका. बोथट धार कापत नाही, घासते, आणि घासणं म्हणजे उष्णता.

लाकडी पॅनेल खाली, त्यावर जादा मापाची ॲक्रिलिक शीट, दोन्ही दुहेरी चिकटपट्टीने जोडलेले. चिकटपट्टी आवरणावर लागते, त्यामुळे शीटला काही होत नाही. चिकटवण्याआधी लाकडावरचा भुसा नीट झाडून घ्या. एक कण मध्ये राहिला तरी शीट त्या जागी टेकत नाही आणि थरथरते. चार क्लॅम्प लावा, काम पुढे सरकेल तसे ते हलवा. बिटाची खोली अशी ठेवा की बेअरिंग लाकडाच्या कडेवर फिरेल आणि धार ॲक्रिलिकच्या पूर्ण जाडीला लागेल.

दिशा महत्त्वाची आहे. राऊटर हातात धरून वरून चालवत असाल तर बाहेरची कड घड्याळाच्या उलट दिशेने कापा आणि आतली भोकं घड्याळाच्या दिशेने. बिट फिरतं त्याच्या विरुद्ध राऊटर पुढे गेला पाहिजे. उलट गेलात तर राऊटर स्वतःच धाव घेतो. लाकडात तेवढ्याने कडेला दात उठतात, ॲक्रिलिकमध्ये कोपराच तुटून उडतो. सलग, एकसारख्या गतीने फिरवा. फार हळू गेलं तर वितळतं, फार जोरात गेलं तर कपची उडते. एका रद्दी तुकड्यावर दोन मिनिटं चालवून बघितलं की हाताला अंदाज येतो.

बटणांची भोकंही अशीच करायची, पण आधी बिट आत जायला जागा हवी. जोडलेलं पॅनेल उलटं करा, ॲक्रिलिकखाली एक सपाट रद्दी फळी घट्ट धरा आणि लाकडातल्या प्रत्येक भोकाच्या मध्यभागी, बिटाच्या व्यासापेक्षा तीन-चार मिमी मोठं भोक पाडा. पॅनेल परत सुलटं करा, राऊटरचं बिट त्या भोकात घाला आणि मगच मशीन सुरू करा. बाहेर सरकत लाकडाला टेका, एक पूर्ण फेरी मारा, परत मध्यावर या, मशीन बंद करा, बिट थांबलं की उचला. फिरतं बिट वर ओढलं तर ते कडेला चावतंच. बारा भोकांना अर्धा तास पुरतो आणि बाराही भोकं लाकडाशी केसभरही फरक न ठेवता जुळतात.

यात एक गोम आहे. बेअरिंग प्रामाणिक असतं. लाकडातल्या भोकात जिथे खड्डा असेल, प्लायचा थर निघालेला असेल, तिथे ते तसंच आत जाणार आणि ॲक्रिलिकमध्येही तोच खड्डा उमटणार. म्हणून लाकडी भोकं आधी पुट्टी भरून, घासून गुळगुळीत करा.

राऊटर नसेल तर: ड्रिल

नेहमीच्या ड्रिल बिटाचं टोक ११८ अंशांचं असतं आणि त्याची धार ॲक्रिलिकमध्ये स्क्रूसारखी आत ओढली जाते. बिट पलीकडे बाहेर पडताना तो झटका बसतो आणि शीट तिथेच तडकते. माझी बाराव्या भोकाची शीट अशीच गेली होती. अकरा भोकांनी तापलेलं बिट आणि शेवटी आलेला कंटाळा, दोन्ही मिळून. प्लॅस्टिकसाठीची बिटं ६० ते ९० अंशांच्या टोकाची असतात आणि त्यांची धार खरवडते, ओढत नाही. ती नसतील तर साध्या बिटाच्या धारेवर तेलाचा दगड एक-दोनदा सपाट फिरवून तिचा आकडेपणा मारा. ऐकायला उलटं वाटतं, पण इथे किंचित बोथट केलेली धारच सुरक्षित.

३ मिमी शीटसाठी माझं आवडतं हत्यार म्हणजे पायऱ्यांचं शंकूसारखं स्टेप बिट. एकेक पायरीने भोक वाढत जातं, कुठेच झटका नाही. मोठ्या, ३० मिमीच्या भोकासाठी होल सॉ (ड्रिलला लावायची वाटीसारखी गोल करवत) चालतो, तोही हळू, साबणाच्या पाण्याचे थेंब सोडत, मध्ये मध्ये वर उचलत. (पाणी आणि विजेचं ड्रिल एकत्र येतंय हे विसरू नका, थेंब म्हणजे थेंबच, आणि शक्य असेल तर बॅटरीवरचं ड्रिल घ्या.) खाली घट्ट टेकलेली फळी हवीच. पलीकडे बाहेर पडायच्या आधीचा शेवटचा अर्धा मिमी अगदी हलक्या हाताने.

जिथे शीटमधून स्क्रू किंवा बोल्ट जाणारच आहे, तिथे भोक सैल ठेवा. ॲक्रिलिक उष्णतेने लाकडापेक्षा कितीतरी जास्त पसरतं: ६० सेंटिमीटरच्या पॅनेलमध्ये २५ अंशांच्या फरकाने जवळपास १ मिमी. भोक बोल्टाला चिकटून असेल तर त्या १ मिमीला जायला जागा नाही आणि ताण भोकाच्या कडेवर येतो. ४ मिमी बोल्टला ५.५ मिमी भोक, वर रुंद वॉशर, आणि घट्ट करून पाव फेरा सैल. चपट्या शंकूच्या डोक्याचे स्क्रू ॲक्रिलिकमध्ये थेट बसवू नका, ते पाचर मारतात. भोक कडेपासूनही लांब ठेवा, निदान भोकाच्या व्यासाच्या दीड-दोन पट.

बेझलची खिडकी

पहिला प्रश्न स्वतःला विचारा: खिडकी कापायलाच हवी का? मॉनिटरच्या पुढे अख्खी पारदर्शक शीट लावून, मागून फक्त चौकट काळी केली तर कापणं वाचतं आणि पडद्यावर धूळही बसत नाही. बहुतेकांना हेच पुरतं. चौकटीसाठी मागून काळं व्हिनाइल लावा किंवा मास्किंग टेप लावून पाण्यात मिसळणारा रंग द्या. खिडकीचा आकार शीटवरच्या आवरणात सुरीने कापून काढायची युक्ती सुचेल. ती करू नका. सुरीचा हलका चरा आवरणाखाली शीटवर उमटतो आणि मॉनिटर चालू झाला की त्या चऱ्यात उजेड शिरून चकाकतो.

कापायचीच असेल तर चारही कोपऱ्यांत आधी निदान ६ मिमीची भोकं पाडा आणि सरळ काप त्या भोकांपर्यंत आणून थांबवा. आतला काटकोनी, टोकदार कोपरा म्हणजे तड्याला दिलेलं आमंत्रण. शीट बसवताना, वाहतुकीत, कधीतरी तो निघतोच.

लेझरवर करून घेणार असाल तर

कास्ट शीट लेझरवर अप्रतिम कापली जाते, कड चमकूनच येते. वेक्टर फाइल द्या (डीएक्सएफ बहुतेक ठिकाणी चालते) आणि आधी तोच आराखडा पुठ्ठ्यावर कापून लाकडी पॅनेलवर ठेवून बघा. लेझर रेषेच्या दोन्ही बाजूंना थोडं खातो, म्हणून भोकं मापापेक्षा किंचित मोठी येतात. लेझरने कापलेल्या कडेत उष्णतेचा ताण शिल्लक असतो. ती चमकते म्हणून निर्धोक आहे असं नाही. आणि शीट ॲक्रिलिकच आहे याची खात्री असल्याशिवाय ती लेझरवर ठेवायला देऊ नका. पीव्हीसी असेल तर त्यातून क्लोरिनयुक्त विषारी, यंत्रही गंजवणारा वायू निघतो.

कडा

सगळ्या कडा चमकवायची गरज नसते. मार्कीच्या कडा पट्ट्यांमागे लपतात, बटणांची भोकं बटणांच्या कंगोऱ्याखाली जातात. तिथे फक्त धार घासून बोथट करा, पण सोडून देऊ नका, कारण करवतीचा प्रत्येक दात तिथे एक बारीक खाच ठेवून गेलेला असतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. खरी मेहनत पॅनेलच्या पुढच्या कडेवर घ्या. तासन्‌तास मनगटं तिथेच टेकतात.

पहिली पायरी खरवडणं. हॅकसॉच्या ब्लेडची पाठ किंवा कोणतीही काटकोनी कडेची पोलादी पट्टी कडेवर थोडी तिरकी धरून लांब ओढायची. पातळ कुरळी साल निघते आणि यंत्राच्या खुणा जातात. हे नीट केलं तर पुढचं घासणं निम्मं होतं. मग वॉटर पेपर, लाकडी ठोकळ्याला गुंडाळून: गरजेप्रमाणे १८०, मग ३२०, ६००, १०००. ३२०पासून पुढे पाणी लावून. आधीच्या कागदाच्या सगळ्या रेघा गेल्याशिवाय पुढच्या कागदाला हात लावायचा नाही. ६००वर कड धुरकट, एकसारखी दिसते. पुष्कळदा मी तिथेच थांबतो, कारण ती धुरकट कड बोटांचे ठसे दाखवत नाही आणि मला ती चकचकीत कडेपेक्षा देखणी वाटते. काचेसारखी हवीच असेल तर १०००नंतर प्लॅस्टिक पॉलिश आणि मऊ कापडाचं चाक. ड्रिलला लावून, कमी वेगावर, सतत सरकवत. चाक एका जागी थांबलं की कड ओघळते.

वरचा कोपराही मारायला विसरू नका. ठोकळ्यावर ३२० कागद लावून ४५ अंशांत चार-पाच हात मारले की अर्धा मिमी उतार येतो. एवढ्यानेच मनगटाला धार लागणं बंद होतं. कडेला टी-मोल्डिंग (कडेच्या खाचेत बसणारी टी आकाराची प्लॅस्टिक पट्टी) येणार असेल तर तिची रुंदी लाकूड आणि ॲक्रिलिक मिळून धरायची की फक्त लाकडाची, हे मोल्डिंग घेण्याआधी ठरवा.

आता ज्योत. टॉर्चची ज्योत कडेवरून सरसर नेली की ती क्षणात आरशासारखी होते, आणि बघणाऱ्याला वाटतं हेच करावं. कारखान्यात यासाठी हायड्रोजन-ऑक्सिजनची स्वच्छ, बारीक ज्योत वापरतात. घरच्या गॅस टॉर्चने जमतं, पण क्षणभर रेंगाळलात तर बुडबुडे येतात, कड पिवळी पडते, आणि ॲक्रिलिक पेट घेतं हे विसरून चालणार नाही. करायचंच तर उघड्या हवेत, आवरण कडेपासून मागे सोलून, रद्दी तुकड्यांवर हात बसल्यावर आणि फक्त खरवडून-घासून साफ केलेल्या कडेवर. ज्योतीने चमकवलेल्या कडेत ताण राहतो. तिला नंतर द्रावकाचा गोंद किंवा रंग लागला की जाळीसारखे तडे उठतात. बटणांच्या भोकांना मी कधीच ज्योत लावत नाही.

चित्र, जोडणी, पुसणं

कंट्रोल पॅनेलचं चित्र व्हिनाइलवर छापून लाकडाला चिकटवा आणि ॲक्रिलिक वर नुसतं ठेवा, चिकटवू नका. व्हिनाइल भोकांवर कापताना सुरी आतल्या बाजूला वळवा, म्हणजे चित्राची कड फाटत नाही. मार्कीसाठी मागून उजेड झिरपणाऱ्या फिल्मवर छपाई करून ती दोन ३ मिमी शीटांच्या मध्ये धरा. मागची शीट दुधी घेतली तर एलईडीचे ठिपके वेगवेगळे दिसत नाहीत. मार्कीच्या चौकटीत शीटला दोन्ही बाजूंनी एखादा मिमी मोकळा ठेवा, पसरण्याचं कारण तेच.

संरक्षक आवरण सगळ्यात शेवटी, बसवायच्या आधी लगेच काढा, कोपऱ्यातून, हळूहळू. झटकन ओढलं तर स्थिर विजेने खोलीतली सगळी धूळ शीटवर येऊन बसते. आतली बाजू ओलसर मायक्रोफायबर कापडाने टिपा आणि लगेच चित्रावर ठेवा; एकदा आत केस अडकला की सगळी बटणं उघडावी लागतात. जुन्या शीटचं आवरण उन्हाने कडक होऊन निघत नसेल तर रॉकेलाने गोंद मऊ होतो, मग साबणाच्या पाण्याने धुवायचं.

पुसण्याबाबत मात्र मी हटवादी आहे. स्पिरिट नाही, ॲसिटोन नाही, थिनर नाही, अमोनियावाला काचेचा स्प्रेही नाही. माझं दुसरं पॅनेल भोकं, कडा सगळं मनासारखं झालं होतं. मार्करचा एक डाग राहिला म्हणून स्पिरिटचा बोळा फिरवला. संध्याकाळी काही दिसलं नाही. सकाळी प्रत्येक भोकाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा होत्या. कापताना आत साठलेला ताण स्पिरिटने मोकळा केला होता. साबणाचं कोमट पाणी आणि मऊ कापड, बस. बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून आट्यांना लावायचं द्रवही ॲक्रिलिकजवळ नेऊ नका, तेही असंच जाळं उठवतं. नायलॉनचं कडं असलेले नट वापरा.

बटणं बसवताना सगळे नट आधी बोटांनी टेकवा, मग मधल्यापासून बाहेर जात एकेक थोडं आवळा, हातानेच. पाना लावायचा नाही. आठवडाभर खेळून झाल्यावर परत एकदा सगळे नट तपासा. व्हिनाइल दबलेलं असतं, त्यामुळे दोन-चार बटणं हमखास सैल सापडतात.